सव्वादोन टक्के

बेगायिमच्या तोंडावर किमीझ उडाला तो मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या वळणावर. उडवणाऱ्याचं म्हणणं असं पडलं, की यात त्याची चूक काहीच नव्हती. होती ती जून महिन्याची, आणि थोडीफार घोड्यांची.

इमारतीला लिफ्ट होती. तिच्यावर 'तात्पुरती बंद' अशी पाटी होती, आणि पाटीचा रंग उडाला म्हणून गेल्या वर्षी ती नव्याने रंगवून घेतली होती. त्यामुळे घोडीच्या आंबलेल्या दुधाचा वीस लिटरचा कॅन खांद्यावर टाकून तो तरुण जिन्याने चढत होता. बाहेर बिश्केकचं ऊन, आत सात वळणं, आणि कॅनमध्ये तीन दिवसांचा किमीझ. सातव्या वळणावर झाकणाने धीर सोडला. ते छताला लागलं, आणि मागून घाईने येणाऱ्या बेगायिमचा पांढरा रुमाल, पांढरा कोट आणि अर्धा चेहरा क्षणात फेसाने माखला.

"अरे देवा... माफ करा, माफ करा! डोळ्यांत गेला का?"

"गेला."

"झोंबतोय?"

"खूप."

"मग उतरलाय चांगला," तो समाधानाने म्हणाला. आपण काय बोललो ते मग त्याच्या लक्षात आलं आणि तो लाल झाला. तसे त्याचे गाल डोंगरवाऱ्याने आधीच भाजून निघाले होते, त्यामुळे लाल व्हायला जागा फक्त कपाळावर उरली होती, टोपीखालच्या गोऱ्या पट्ट्यात. बेगायिमने एका डोळ्याने तेवढं पाहिलं. दुसरा उघडत नव्हता.

त्याने खांद्यावरचा पंचा पुढे केला. पंच्याला घोड्याचा वास होता.

"हलालवाल्यांकडे चाललोय," तो म्हणाला. "नमुना द्यायचाय. तिथे म्हणे कुणी नवीन बाई आली आहे तपासायला... फार कडक. तुम्ही ओळखता?"

"रोज आरशात भेटते."

तो कॅनकडे बघत राहिला. मग तिच्या रुमालाकडे. मग हळूच म्हणाला, "म्हणजे नमुना पोचलाच म्हणायचा."

बेगायिमला हसू आलं नाही, असं ती नंतर मावशीला सांगणार होती. पण ज्याला हसू आलेलं नसतं तो माणूस चौथ्या मजल्यापर्यंत ओठ चावत चढत नाही.

त्याचं नाव तिलेक. सुसामिरच्या कुरणावर त्याच्या आईच्या बत्तीस घोड्या होत्या. शहरातल्या एका मोठ्या दुकानाने किमीझ घ्यायचं कबूल केलं होतं, पण बाटलीवर हलालचा गोल हिरवा शिक्का हवा, ही अट होती. शिक्का मिळाला, तर तो आणि घोड्या दोघंही जागच्या जागी राहणार होते. नाही मिळाला, तर थोरल्या भावासारखं मॉस्कोला जाऊन टॅक्सी चालवायची, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

"कधी कळेल?"

"गुरुवारी."

"मी उद्याही आलो तर चालेल?"

"उद्या काही कळणार नाही."

"ते कळलं," तिलेक म्हणाला. "म्हणून तर विचारलं."

बेगायिमचा तो आठवडा आधीच काही बरा चालला नव्हता. वर्षभर ती शहराबाहेरच्या एका ब्रँडीच्या कारखान्यात शिकाऊ रसायनतज्ज्ञ होती. प्यायची नाही, चाखायची नाही, फक्त मोजायची. मोजण्यात काय आहे, असं ती स्वतःला म्हणायची आणि स्वतःला ते पटायचंही, दुपारपर्यंत. पण दुपारच्या नमाजाला हात बांधून उभी राहिली, की बाहीतून ओकच्या पिंपांचा वास यायचा. कपडे बदलले, साबण बदलला, वास काही जाईना. शेवटी नोकरीच सोडली आणि हलाल तपासणी केंद्रात एक महिना उमेदवारीवर लागली. पगार निम्मा. पण बाहीला वास फक्त साबणाचा.

तो महिना शुक्रवारी संपत होता. आणि कारखान्याचं पत्र आलं होतं, की तुमची जागा अजून रिकामी आहे, शुक्रवारपर्यंत कळवा.

"त्यांनी पत्र पाठवलं," मावशी म्हणाली. बेगायिम तिच्याकडेच राहायची. "आपल्या खानदानात कुणाला कारखान्याने पत्र पाठवलं होतं? तुझ्या काकाला पाठवलं होतं, पण ते काढून टाकल्याचं."

"मावशी, दारूचा कारखाना आहे तो."

"अगं, मग पिऊ नकोस! मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, मी काय पोरं खाल्ली?"

बेगायिम घास तोंडात घोळवत शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजायची.

बुधवारी तिलेक आला. निकाल नाही हे माहीत असल्यामुळे त्याने निकालाचं विचारलंच नाही. फडक्यात बांधलेले बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, आणले होते, चहाबरोबर खायला. पटांगणातल्या बाकावर दोघं बसली, मध्ये फडकं आणि दीड हात अंतर ठेवून. पॉप्लरच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत होता, चहात पडत होता. तिलेक तो बोटाने काढत होता आणि ती बघतेय हे कळलं की काढायचं विसरत होता.

"कारखाना सोडलात, आता बरं वाटतं?"

"वाटायला हवं ना?" ती म्हणाली. "पण भीती वाटते. समजा मी इथेही कमी पडले... शुक्रवारी ठेवलं नाही, तर परत तिथेच. मग इतका आटापिटा केला तो कशाला?"

"मला तर रोजच भीती वाटते. घोडीच्या मागे उभं राहून दूध काढायचं असतं."

"घोडीच्या मागून काढत नाहीत. बाजूने काढतात. मी नारिनची आहे, घोड्यांच्या मुलखातली."

"बघितलं का," तिलेक खूश होऊन म्हणाला. "म्हणजे तुम्हाला सगळं येतं."

"कशाचं सगळं?"

तो एकदम बोरसोक मोजू लागला. त्याच्या कपाळाचा पट्टा लाल झाला होता. बेगायिमने चहा संपवला, कापसासकट.

गुरुवारी तिने नमुना तपासला. फेस जाईपर्यंत ढवळला, काचेच्या चंबूत उकळला, वाफ गार केली, आणि जे पाणी थेंबाथेंबाने जमलं त्यात मद्यांश मोजायचा काचेचा काटा सोडला. काटा डुलला. थांबला. तिने वाकून वाचलं, डोळे पुसले, पुन्हा वाचलं.

सव्वादोन टक्के मद्यांश. केंद्राच्या नियमात मर्यादा अर्ध्या टक्क्याची होती.

तिने दुसऱ्यांदा केलं. सव्वादोन. तिसऱ्यांदा करताना तिने मनातल्या मनात दुआ मागितली आणि लगेच शरमली, कारण काटा खाली यावा म्हणून दुआ मागणं हे रसायनशास्त्रातही बसत नाही आणि बहुधा इतरत्रही नाही. काटा दुआ न ऐकता सव्वादोनवरच उभा राहिला.

केंद्राचे प्रमुख जुमाकादिर साहेब जेवण आटपून खुर्चीत बसले होते. समोर रिकामा वाडगा होता आणि मिशीवर पांढरा फेस. उन्हाळाभर रोज दुपारी ते बाजारातून किमीझ मागवत, मोठा वाडगा पीत आणि मनापासून 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणत. त्यानंतर तासभर ते फार उदार असत. सगळे अर्ज त्याच तासात मंजूर होत.

"साहेब, सव्वादोन आलंय."

"कशाचं?"

"किमीझाचं. मद्यांश."

"किमीझात मद्य नसतं, मुली," साहेब समजावून म्हणाले. "किमीझात किमीझ असतो."

"तो हराम आहे असं मी म्हणतच नाही. ते मौलवींनी ठरवावं. मी फक्त किती आहे ते सांगते."

"आपले आजोबा प्यायचे. आजोबांचे आजोबा प्यायचे. त्यांच्या वेळी काचेचा काटा होता? नव्हता. म्हणून ते सुखाने गेले." साहेबांनी मिशी पुसली. "त्या पोराला शिक्का मिळाला की त्याच्यामागे अजून पन्नास जण येतील. शून्य दशांश चार लिही. उद्या जुम्म्याच्या आधी त्याला कागद देऊन टाकू. आणि सोमवारपासून तू कायम."

बेगायिम तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही, साहेब."

खरं म्हणजे तिला एक विचित्र गोष्ट आठवली होती. ब्रँडीच्या त्या कारखान्यात, जिथून ती ईमान सांभाळायला म्हणून पळून आली होती, तिथे वर्षभरात तिला कुणी एकदाही आकडा बदलायला सांगितलं नव्हतं.

दाराबाहेर येऊन तिने मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मौलवींना फोन लावला. म्हातारे मौलवी भले गृहस्थ होते. तिने विचारलं, किमीझ चालतो की नाही?

पलीकडून दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

"पोरी," मौलवी म्हणाले, "हा प्रश्न मला मे ते ऑगस्ट विचारत जाऊ नकोस."

"बरं. आणि आकडा खोटा लिहिला तर?"

"ते बाराही महिने हराम," मौलवी लगेच म्हणाले. ते उत्तर द्यायला मिळालं म्हणून त्यांना हायसं वाटलेलं फोनवरही कळत होतं.

पाच वाजता तिलेक फाटकाशी उभा होता. आज त्याने टोपी काढून हातात धरली होती. आभाळ एकदम भरून आलं होतं, आणि डोंगराकडून धुळीचा, ओल्या दगडांचा वास येत होता. बेगायिमला वाटलं, मागच्या दाराने निघून जावं. मागचं दार लिफ्टइतकंच तात्पुरतं बंद होतं.

"आला निकाल?"

"आला." तिने हात कोटाच्या खिशांत घातले. "साहेब उद्या तुम्हाला शिक्का देणार आहेत. त्यावर शून्य दशांश चार असेल. ते खोटं आहे... खरं सव्वादोन आहे. मी सही करणार नाही. तुम्हाला आधी सांगावं असं वाटलं."

टपोऱ्या गारा पडायला लागल्या. पत्र्यावर, टोपीवर, दोघांच्या मधल्या दीड हात जागेत. तिलेक हलला नाही.

"तुमची नोकरी?"

"ती जाईल."

"आणि माझं दुकान."

"हो," ती म्हणाली. "तेही."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि गारांतून गाडीकडे पळत गेला. गाडी सुरू झाली, वळली, दिसेनाशी झाली. बेगायिम फाटकाशी उभी राहिली. रुमालात गारा अडकल्या होत्या. त्या विरघळून मानेवरून आत उतरत होत्या, आणि तिला वाटत होतं, संपलं. अजून सुरूही झालं नव्हतं, आणि संपलं.

घरी पोचते तोच कारखान्यातून फोन. प्रयोगशाळेच्या मुख्य वेरा पेत्रोव्हना, वय वर्षं सहासष्ट, चष्मा दोरीला.

"येतेस ना? तुझी जागा कुणाला दिली नाही. आलेल्या दोघांना वाचता येतं, पण जे आहे तेच वाचता येत नाही."

"वेरा पेत्रोव्हना, उद्या सांगते."

"लाजू नको. तुझ्या नमाजासाठी मी मागची खोली झाडून ठेवली आहे."

फोन ठेवून बेगायिम रडली. एवढ्या चांगल्या बाईने एवढ्या चुकीच्या ठिकाणी का असावं, हे काही तिला कळेना. मावशीने तिच्यापुढे जेवण ठेवलं आणि कारखान्याचं पत्र उचलून नजरेआड ठेवलं.

शुक्रवारी सकाळी अकराला साहेबांच्या खोलीत टेबलावर नवं कापड होतं आणि कापडावर हिरव्या शिक्क्याचा कागद. तो साहेबांनी स्वतःच तयार केला होता. सहीची जागा तेवढी रिकामी. "चला, चला, जुम्म्याची वेळ होत आली," असं ते पाच पाच मिनिटांनी म्हणत होते. बेगायिम भिंतीला टेकून उभी होती. तिलेक येणार नाही, अशी तिची खात्री होती. आला तर त्याच्याकडे बघायचं नाही, असंही ठरलं होतं.

दार उघडलं. तिलेक आला, आणि त्याच्या आधी त्याची आई आली.

काल्बूबू अपा म्हणजे पाच फुटांची, पांढऱ्या रुमालातली, रुंद बाई. चार मजले चढूनही तिला धाप लागली नव्हती. उलट, जिन्याला लागली असावी. तिने खोलीकडे, साहेबांकडे आणि शेवटी बराच वेळ बेगायिमकडे पाहिलं. बेगायिमला वाटलं, ही बाई बत्तीस घोड्यांचा जाब विचारायला आली आहे.

"या अपा, बसा!" साहेबांनी कागद उचलला आणि सणाच्या आवाजात वाचला. "मद्यांश, शून्य दशांश चार!"

"म्हणजे किती?"

"नाहीच म्हणा ना! असून नसल्यासारखा."

"काय नसल्यासारखा?" अपाने डोळे बारीक केले. "माझा किमीझ?"

"अहो, ही तर आनंदाची..."

"तीन दिवस घुसळलाय मी तो! भांड्याला जुनिपरच्या लाकडाचा धूर दिलाय. माझ्या किमीझाने माझ्या दिराचा खोकला गेला, आणि दीर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. आणि तुम्ही म्हणता, असून नसल्यासारखा? चौथ्या मजल्यावर बसून तुम्ही माझ्या किमीझाला पाणी म्हणता?"

साहेबांच्या हातातला कागद हळूहळू खाली आला. तीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी त्यांच्याशी आकडा कमी करण्यासाठी भांडण केलं होतं. वाढवण्यासाठी हे पहिलंच.

"खरा किती?" अपाने बेगायिमला विचारलं.

बेगायिम भिंतीपासून पुढे आली. "सव्वादोन टक्के, अपा. तीन वेळा मोजलं."

"हां." अपाने सुस्कारा सोडला. "ही पोर जाणते."

"पण सव्वादोनला शिक्का नाही मिळणार!" साहेब म्हणाले.

"मग राहू द्या तुमच्याकडेच. तुम्हाला कुठे लावायचा असेल तिथे लावा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिला आणि मग बेगायिमकडे वळले. ते ओरडले नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, "मुली, एक सही. फक्त एक. सोमवारपासून कायम."

"नाही जमणार, साहेब." तिने कोट काढून खुर्चीवर ठेवला. घडी तिने नीट घातली. "मी सोमवारपासून येत नाही."

बाहेर जिन्यात येऊन तिने वेरा पेत्रोव्हनांना फोन लावला आणि त्यांनाही नाही म्हणून सांगितलं. पलीकडून म्हातारी म्हणाली, "मोजणं सोडू नको म्हणजे झालं." बेगायिमने फोन खाली केला. एकाच सकाळी तिने दोन नोकऱ्या घालवल्या होत्या. तिला रडू यायला हवं होतं. पण हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटत होती.

वरून पावलं वाजली. मायलेक खाली येत होते.

"काल तुम्ही न बोलता गेलात," ती तिलेकला म्हणाली. नजर जिन्याच्या कठड्यावर. "मला वाटलं, रागावलात."

"मी घाट चढून थेट अपाकडे गेलो. घाईत होतो. दुकान गेलं तर गेलं, मी मॉस्कोला जाणार नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. आणि... दुसरं एक."

"मग तसं बोलून जायचं ना!"

"गारा पडत होत्या."

"हे असंच बोलतं," अपा म्हणाली. "अर्धं बोलतं, अर्धं माझ्यावर टाकतं. पोरी, शिक्का बघायला मी घाट कशाला उतरेन? ज्या मुलीने तोंडावर 'तुझा धंदा बुडणार' असं सांगितलं आणि तरी हा रात्रभर हसत होता, ती बघायला उतरले."

तिने कमरेच्या पिशवीतून चांदीचे डूल काढले. सासूने कानात डूल घातले की सोयरीक पक्की, हे बेगायिमला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने जिन्याचा कठडा धरला.

"रीतसर नारिनला तुझ्या आईकडे येऊच, मेंढा घेऊन. आज फक्त विचारते. नाही म्हणालीस तर डूल परत पिशवीत, आणि मी हा जिना उतरेन. गुडघे माझेच आहेत."

"पण अपा... माझ्याकडे आत्ता कामसुद्धा नाही."

"का नाही? बाजारात दूध विकणाऱ्या चाळीस बायका बसतात. रोज एकमेकींच्या दुधात पाणी शोधतात आणि झिंज्या उपटतात. तिथे टेबल टाक, तुझा तो काटा ठेव. जे असेल ते सांग. हलाल-हराम मौलवी बघतील."

टेबल, काटा, चंबू... साबणाच्या वासाच्या बाह्या. बेगायिमने ते सगळं डोळ्यांपुढे मांडून पाहिलं आणि कुठे खोट दिसते का, हे सवयीने तीनदा तपासलं.

मग तिने हळूच डाव्या कानावरचा रुमाल सैल केला. तिलेकने शहाण्यासारखं भिंतीकडे तोंड फिरवलं. जरा वेळाने त्याला राहवेना.

"अपा... घातले?"

"एक घातला."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याच्या आधी मला काही बोलायचंय," बेगायिम त्याच्या पाठीला म्हणाली. "मी त्या टेबलावर बसणार. लग्नानंतरही. आणि पहिलं दूध तपासेन ते तुमचं."

"तपासा."

"पाणी निघालं तर सगळ्या बाजारासमोर सांगेन."

"सांगा."

"आकडा पाहून रागावून निघून गेलात तर?"

"घाट एकच आहे," तिलेक भिंतीला म्हणाला. "आणि त्या घाटाने मी कुणाला घेऊन परत येतो ते तुम्ही पाहिलंत."

अपा डूल बोटात धरून वाट पाहत होती. बेगायिमने एक श्वास घेतला, आणि उजव्या कानावरचा रुमाल स्वतःच्या हाताने मागे सारला.